अफूच्या २० हजार पेट्या नष्ट करणारा चीनचा प्रामाणिक अधिकारी, ज्याला बक्षीस म्हणून हद्दपारी मिळाली

साल १८३९, जून महिना. दक्षिण चीनमध्ये हुमेन नावाचं एक ठिकाण आहे. तिथे समुद्राच्या काठाला मोठमोठे हौद खणले होते. शेकडो मजूर त्यात अफूचे गोळे फोडून टाकत होते. वरून मीठ पडायचं, मग चुना पडायचा. पाणी उकळल्यासारखं खदखदायचं, धूर निघायचा आणि असह्य वास सुटायचा. ओहोटी लागली की हौदाचं दार उघडायचं आणि तो काळा चिखल समुद्रात सोडून द्यायचा.

तीन आठवड्यांहून जास्त काळ हे काम चाललं. एकूण २०,२८३ पेट्या, म्हणजे हजार टनांहून जास्त अफू. कोणी चोरू नये म्हणून मजुरांची झडती घेतली जायची आणि आजूबाजूला पहारा असायचा.

हे सगळं ज्यांच्या हुकमावरून चाललं होतं, त्यांचं नाव लिन झशू. काम सुरू करण्याआधी त्यांनी समुद्रदेवतेची पूजा केली होती. आपण ही घाण पाण्यात सोडणार आहोत, तेव्हा जलचरांनी थोडा काळ दूर जावं, अशी प्रार्थना लिहून त्यांनी समुद्राची माफी मागितली होती.

सव्वा वर्षानंतर याच माणसाला नोकरीवरून काढलं गेलं आणि पुढे हजारो किलोमीटर दूर हद्दपार केलं गेलं. त्यांच्यावर लाच खाल्ल्याचा आरोप नव्हता. उलट, जे काम सांगितलं होतं ते त्यांनी पूर्ण करून दाखवलं होतं.

मग चूक कोणाची होती? नेता चारित्र्यवान असला की राज्य आपोआप नीट चालतं, ही कन्फ्यूशियसची शिकवण चीनने दोन हजार वर्षं मानली. लिन झशू यांचं आयुष्य म्हणजे त्या शिकवणीची परीक्षाच होती.

गरीब मास्तरांचा मुलगा

लिन झशू यांचा जन्म ३० ऑगस्ट १७८५ रोजी फुजियान प्रांतातल्या फुझौ शहरात झाला. वडील शिक्षक होते. सरकारी परीक्षेची पहिली पायरी त्यांनी पार केली होती, पण त्याच्या पुढे वारंवार प्रयत्न करूनही त्यांना जाता आलं नाही. मुलं शिकवून जे मिळेल त्यात घर चालवायचं. घरात खाणारी तोंडं बरीच, म्हणून आई कृत्रिम फुलं बनवून विकायची.

तेव्हाची चिनी सरकारी परीक्षा आजच्या यूपीएससीपेक्षाही अवघड मानावी अशी होती. त्यात कन्फ्यूशियस आणि त्याच्या परंपरेतले ग्रंथ पाठ लागायचे, त्यावर निबंध लिहावे लागायचे. यामागचा विचार साधा होता. राज्य चालवणारा माणूस आधी चांगला माणूस असला पाहिजे आणि चांगलं होणं हे अभ्यासाने आणि रोजच्या सरावाने शिकता येतं.

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सन पूर्व ५५१ ते ४७९. त्याच्या मते मोठेपण जन्मावर ठरत नाही. माणुसकी, न्यायबुद्धी, मर्यादा आणि शब्दाला जागणं हे ज्याच्या अंगी असेल तो खरा सज्जन. आधी स्वतःला घडवा, मग घर सांभाळा, त्यानंतर राज्याचा विचार करा, असा हा क्रम. राजा सरळ वागला तर प्रजेला धाकात ठेवण्याची गरज पडत नाही. आणि राजा चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

लिन याच मुशीत घडले. १८०४ मध्ये ते प्रांताची परीक्षा पास झाले. राजधानीतल्या शेवटच्या परीक्षेत मात्र लगेच यश मिळालं नाही. मधल्या काळात त्यांनी बड्या अधिकाऱ्याच्या हाताखाली लेखनिकाचं काम केलं. अखेर १८११ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले आणि बीजिंगच्या नामवंत हानलिन अकादमीत त्यांची निवड झाली.

लोकांनी दिलेलं नाव

पुढे लिन वेगवेगळ्या प्रांतांत फिरले. जियांगसू प्रांतात न्यायखात्याचे प्रमुख असताना त्यांनी तुंबलेले खटले निकाली काढले. लोक त्यांना निरभ्र आकाश म्हणू लागले. चीनमध्ये हे बिरूद निष्पक्ष न्यायाधीशाला मिळतं.

१८३१ मध्ये पिवळ्या नदीच्या बंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे खातं भ्रष्टाचारासाठी बदनाम होतं. बंधारे दुरुस्त करायला ज्वारीसारख्या धान्याच्या ताटांचे ढीग रचून ठेवलेले असत. कागदावर ढीग पूर्ण, प्रत्यक्षात आतून पोकळ किंवा कुजलेले. लिन स्वतः नदीकाठाने फिरले आणि ढीग एकेक करून तपासले. एवढ्या वरचा अधिकारी ताटं मोजत फिरतोय, हे दृश्य तेव्हा नवीनच होतं.

ते रागीट होते, असंही सांगितलं जातं. आपला हा दोष त्यांना ठाऊक होता. म्हणून राग आवरण्याची आठवण करून देणारी पाटी त्यांनी खोलीत लावली होती. स्वतःला घडवायचं म्हणजे काय, याचं हे घरगुती उदाहरण.

अफू आली कुठून?

ब्रिटिशांना चीनचा चहा हवा होता. चीनला ब्रिटिशांचं फारसं काही नको होतं. त्यामुळे चहाच्या बदल्यात चांदी मोजावी लागायची. यावर ब्रिटिशांना उपाय सापडला तो भारतात पिकणाऱ्या अफूचा.

बंगाल आणि बिहारकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती. दुसरी अफू माळव्याची. शिंदे आणि होळकरांच्या मुलखात अफूची मोठी शेती होती. हा माल आधी पोर्तुगीजांच्या दमणमार्गे जायचा, नंतर मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून जाऊ लागला. मुंबईतल्या अनेक पारशी, गुजराती आणि इतर व्यापाऱ्यांनी या धंद्यात पैसा कमावला. जमशेटजी जीजीभॉय हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. चीनच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या त्यांच्या संपत्तीतूनच मुंबईत जे. जे. रुग्णालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या.

चीनमध्ये अफूवर १७२९ पासून बंदी होती. पण कंपनी स्वतः माल चीनमध्ये नेत नव्हती. ती कोलकात्यात लिलाव करायची, खासगी व्यापारी जहाजं भरायची आणि चिनी किनाऱ्यावर तस्करांच्या होड्या माल उतरवून घ्यायच्या. बंदोबस्ताला असलेले अधिकारी लाच घेऊन डोळेझाक करायचे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीस हजारांहून जास्त पेट्या चीनमध्ये जात होत्या.

नुकसान फक्त व्यसनाचं नव्हतं. आता उलट चीनमधून चांदी बाहेर जाऊ लागली आणि ती महाग झाली. शेतकरी कमाई करायचा तांब्याच्या नाण्यांत, पण कर ठरायचा चांदीत. म्हणजे ज्याने आयुष्यात अफू पाहिली नाही, त्या शेतकऱ्याचाही कराचा बोजा वाढत गेला.

सम्राटाचा विश्वास

दरबारात दोन तट पडले. १८३६ मध्ये शू नायजी या अधिकाऱ्याने सुचवलं की अफू कायदेशीर करा, तिच्यावर कर लावा, म्हणजे तस्करी थांबेल. १८३८ मध्ये ह्वांग ज्युएझी यांनी उलट टोक गाठलं. ओढणाऱ्यांना वर्षभराची मुदत द्या आणि तरीही सुटली नाही तर देहदंड द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

लिन तेव्हा हुबेई आणि हुनान या प्रांतांचे प्रमुख होते. त्यांनी कडक बाजू घेतली, पण नुसती शिक्षा सुचवली नाही. आपल्या प्रांतात त्यांनी अफूच्या नळ्या जप्त केल्या आणि व्यसन सोडवण्यासाठी औषधं वाटली. हे असंच चाललं तर काही दशकांत लढायला सैनिक उरणार नाहीत आणि त्यांना पगार द्यायला चांदी उरणार नाही, असा इशारा त्यांनी सम्राटाला दिला.

दाओग्वांग सम्राट हलला. त्याने लिन यांना बीजिंगला बोलावून अनेकदा भेटी घेतल्या आणि ३१ डिसेंबर १८३८ रोजी त्यांना खास शाही आयुक्त नेमलं. काम एकच होतं, ग्वांगझोऊला (म्हणजे तेव्हाच्या कँटनला) जायचं आणि अफू संपवायची.

जानेवारीच्या थंडीत लिन निघाले. वाटेतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी आधीच कळवलं की स्वागत नको, मेजवान्या नकोत, साधं जेवण पुरे आणि प्रवासाचा खर्च आपण स्वतः करू. आपल्या नोकरांनी कुणाकडून पैसे उकळले तर त्यांनाही सोडणार नाही, अशी ताकीद दिली. १० मार्च १८३९ रोजी ते कँटनमध्ये पोचले.

कँटनची कारवाई

लिन यांनी आधी घरचे चोर पकडले. दोन महिन्यांत सोळाशे लोकांना अटक झाली आणि चाळीस हजारांवर नळ्या जप्त झाल्या. तस्करांना आतून कोण मदत करतं हे शोधायला त्यांनी एक युक्ती केली. शेकडो विद्यार्थ्यांना परीक्षेला बसवलं आणि निबंधाबरोबर अफूच्या दलालांची आणि सामील अधिकाऱ्यांची नावं लिहायला सांगितली. लिहिणाऱ्याचं नाव गुप्त राहणार होतं.

मग पाळी परदेशी व्यापाऱ्यांची. सगळी अफू जमा करा आणि यापुढे आणणार नाही असं लिहून द्या, आणली तर देहदंड, असा हुकूम निघाला. व्यापाऱ्यांनी चालढकल केली. तेव्हा लिन यांनी परदेशी वखारींना वेढा घातला. सुमारे साडेतीनशे परदेशी माणसं आत अडकली. चिनी नोकर बाहेर काढले गेले, त्यामुळे साहेब लोकांना स्वतःच स्वयंपाक आणि झाडलोट करावी लागली.

ब्रिटिश अधिकारी चार्ल्स इलियट यांनी शेवटी अफू द्यायचं कबूल केलं. पण त्यांनी एक गोष्ट केली, जिचा अर्थ लिन यांच्या लक्षात आला नाही. व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितलं की माल माझ्याकडे द्या, भरपाई ब्रिटिश सरकार देईल. बाजार ठप्प होता, त्यामुळे व्यापारी खूश झाले. एका क्षणात तस्करांचा बेकायदा माल ब्रिटिश सरकारची मालमत्ता झाला. लिन यांना वाटलं की परदेशी लोकांना चूक कळली. प्रत्यक्षात युद्धाचं कारण तयार झालं होतं.

राणीला लिहिलेलं पत्र

याच काळात लिन यांनी राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. त्याचा सूर धमकीपेक्षा समजावणीचा होता. आम्ही तुम्हाला चहा, रेशीम अशा उपयोगी गोष्टी देतो, बदल्यात तुमचे लोक आमच्या प्रजेला विष विकतात, हे कोणत्या न्यायात बसतं, असा त्याचा आशय. जे स्वतःच्या देशात चालवून घेत नाही ते दुसऱ्याच्या देशात विकू नका, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

ही अस्सल कन्फ्यूशियन रीत होती. राज्यकर्त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला हात घातला की तो वळणावर येतो, हा विश्वास त्यामागे होता. अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे ब्रिटनमध्ये अफूवर बंदी नव्हतीच. औषधाच्या दुकानात ती उघड विकली जायची. दुसरं म्हणजे ब्रिटनचे निर्णय राणी एकटी घेत नव्हती. संसद होती, कापडाचे कारखानदार होते, चहावरचा कर होता आणि भारतातल्या कंपनी सरकारची तिजोरी होती. पत्राच्या प्रती जहाजांबरोबर पाठवल्या गेल्या, पण ब्रिटिश परराष्ट्र खात्याने पत्र स्वीकारलंच नाही.

लिन यांना जगाची माहिती नव्हती, पण ती मिळवायची इच्छा होती. त्यांनी भाषांतरकार नेमले, परदेशी वर्तमानपत्रं आणि भूगोलाचं पुस्तक भाषांतरित करून घेतलं. पीटर पार्कर या अमेरिकन डॉक्टरकडून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथातले उतारे चिनी भाषेत आणवले. त्याच डॉक्टरकडून त्यांनी हर्नियासाठी पट्टाही मागवला. पार्करच्या नोंदवहीत हा रुग्ण क्रमांक ६५६५ आहे. तरीही इंग्रज सैनिकांचे पाय घट्ट कपड्यात बांधलेले असतात म्हणून त्यांना जमिनीवर लढता येत नाही, असं ते सम्राटाला कळवत होते. हा गैरसमज महागात पडला.

युद्ध आणि बळीचा बकरा

जुलै १८३९ मध्ये दारू प्यालेल्या खलाशांच्या मारहाणीत लिन वेइशी नावाचा एक चिनी गावकरी मेला. लिन यांनी आरोपी मागितला, इलियट यांनी नकार दिला. वाद वाढला, सप्टेंबरमध्ये कौलूनला आणि नोव्हेंबरमध्ये चुएनपीला तोफा धडाडल्या.

एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली. विरोधकांनी हे युद्ध लाजिरवाणं असल्याचं बजावलं. सरकार वाचलं ते २७१ विरुद्ध २६२, म्हणजे फक्त नऊ मतांनी. भारतातून सैनिक आणि जहाजं निघाली. त्यातली वेलस्ली ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत सागवानापासून बांधलेली होती.

कँटनमध्ये लिन यांनी बंदोबस्त केला होता. ब्रिटिश ताफ्याने तिथे वेळ घालवलाच नाही. तो उत्तरेला गेला, जुलैमध्ये झौशान बेट घेतलं आणि ऑगस्टमध्ये राजधानीच्या जवळच्या किनाऱ्यावर उभा राहिला. तोफा बीजिंगच्या इतक्या जवळ आल्यावर सम्राटाचा सूर बदलला. ज्याने आधी पाठ थोपटली होती, तोच आता म्हणू लागला की लिन यांनी नुसता गोंधळ घातला. १८४० च्या शरद ऋतूत त्यांना पदावरून काढलं. त्यांच्या जागी आलेल्या चिशान यांनी तडजोडीचा प्रयत्न केला, तेही बेड्या घालून बीजिंगला नेले गेले. लढणारा दोषी आणि तह करणाराही दोषी. दोघांना नेमणारा सम्राट मात्र कुठेच जबाबदार नव्हता.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. चीनला हाँगकाँग द्यावं लागलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि २ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले. त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई होती. हा तह ज्या कॉर्नवॉलिस नावाच्या जहाजावर झाला, तेही मुंबईतच बांधलेलं होतं. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांना सर हा किताब मिळाला.

हद्दपारीतही काम

लिन यांना १८४१ मध्ये इलीला हद्दपारीची शिक्षा झाली. आजच्या शिनजियांगचं हे टोक. ते निघाले तोच पिवळ्या नदीचा बांध फुटून कायफेंग शहराभोवती पूर आला. या कामातला अनुभवी माणूस लिनच होते, म्हणून त्यांना वाटेतून वळवून तिकडे पाठवलं. अनेक महिने त्यांनी बांधावर काढले. काम फत्ते झाल्यावर शिक्षा माफ होईल असं सगळ्यांना वाटत होतं. दरबारातून उत्तर आलं की ठरल्याप्रमाणे इलीला जा.

शिआन शहरात पत्नीचा निरोप घेताना त्यांनी कविता लिहिली. देशाच्या कामापुढे स्वतःचा नफा-तोटा पाहायचा नसतो, अशा भावनेची ही कविता चीनमध्ये आजही अनेकांना पाठ असते.

इलीत रडत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी कालवे खणण्याच्या कामात भाग घेतला, हजारो किलोमीटर फिरून पडीक जमिनीची मोजणी केली आणि वाळवंटात पाणी नेणाऱ्या भूमिगत कारेझ पद्धतीचा प्रसार केला. कँटनमध्ये जमवलेली जगाची माहिती त्यांनी आधीच वेई युआन या मित्राकडे सोपवली होती. त्यातून १८४३ मध्ये तयार झालेला समुद्रापलीकडच्या देशांविषयीचा ग्रंथ पुढे जपानमध्येही आवडीने वाचला गेला.

१८४५ मध्ये शिक्षा संपली आणि त्यांना पुन्हा पदं मिळाली. युन्नानमध्ये हान आणि मुस्लीम समाजात दंगली होत होत्या. लिन यांनी माणूस कोणत्या समाजाचा हे न बघता गुन्हा केला की नाही एवढंच पाहायचं, असं धोरण ठेवलं. १८५० च्या सुरुवातीला त्यांनी झुओ झोंगतांग या तरुण विद्वानाशी रात्रभर होडीत बसून गप्पा मारल्या आणि शिनजियांगची आपली टिपणं त्याला दिली. हाच झुओ पुढे शिनजियांग परत जिंकणारा सेनापती झाला.

त्याच वर्षी नव्या सम्राटाने ग्वांगशीतलं बंड मोडायला लिन यांना पुन्हा बोलावलं. आजारी असूनही ते निघाले. वाटेतच २२ नोव्हेंबर १८५० रोजी त्यांचं निधन झालं.

आजच्या नेत्यांसाठी धडा

आज चीनमध्ये लिन राष्ट्रीय नायक आहेत. बीजिंगच्या तियानआनमेन चौकातल्या स्मारकावर हुमेनच्या प्रसंगाचं शिल्प आहे. न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये १९९७ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. दरवर्षी २६ जूनला जगभर अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो, ती तारीखही हुमेनच्या कारवाईशी जोडली जाते. २००३ मध्ये वेन जियाबाओ पंतप्रधान झाले तेव्हा पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांनी लिन यांच्या त्याच कवितेचा आधार घेतला.

पण नेत्यांनी लिन यांची कविता म्हणणं सोपं आहे. त्यांच्या आयुष्याने विचारलेला प्रश्न अवघड आहे.

कन्फ्यूशियसच्या विचारात चारित्र्याची अपेक्षा फक्त अधिकाऱ्याकडून नव्हती, ती सगळ्यात आधी राजाकडून होती. राजा चुकला तर त्याला सांगायचं कर्तव्य अधिकाऱ्यावर होतं. पण राजाने ऐकलं नाही तर काय, याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. प्रामाणिकपणाचा हिशेब खालच्याकडून घेतला गेला आणि वरच्याला हिशेब विचारणारं कोणी नव्हतं. दाओग्वांग सम्राट वाईट माणूस नव्हता. तो काटकसरी होता आणि अफूबंदी त्याला मनापासून हवी होती. संकट आल्यावर जबाबदारी घेण्याचं धैर्य मात्र त्याच्याकडे नव्हतं.

दुसरी गोष्ट, लिन यांची नियत साफ होती, पण समोरच्या देशाची सत्ता कशी चालते हे त्यांना उशिरा कळलं. त्या उशिराची किंमत लाखो सामान्य लोकांनी मोजली. त्याच वेळी लंडनमध्ये संसद होती, मतदान होतं, हिशेब होता, तरी तिने अफूच्या बाजूने तोफा पाठवल्या. म्हणजे व्यवस्था असली की चारित्र्याची गरज संपते, असंही नाही.

नेता निवडताना तो स्वच्छ आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न लागतात. त्याला परिस्थितीची नीट माहिती आहे का? आणि काम अंगाशी आलं तर तो स्वतः पुढे उभा राहील, की हाताखालच्या एखाद्या लिनला इलीला पाठवून मोकळा होईल?